बर्फावरचा मामा

आमच्या घराण्यात नवी वस्तू विकत घेण्याची पद्धत नाही. म्हणजे तशी मनाई नाही. पण कोणी नवी वस्तू आणलीच, तर वडीलधारी मंडळी तिच्याकडे अशा नजरेने बघतात, की ती वस्तूच ओशाळून आठ दिवसांत जुनी होते. माझी शाळेची पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत आली. सायकल काकांची, लग्नातला कोट मावसभावाचा. बी. कॉम.ला अकाउंटन्सीचे जे पुस्तक मी वापरले, त्यात दोन पिढ्यांनी रेघा मारलेल्या होत्या. पहिल्या पिढीने निळ्या शाईने मारल्या होत्या आणि दुसरीने पहिलीने सोडलेल्या ओळींखाली लाल मारल्या होत्या, त्यामुळे सगळेच पुस्तक महत्त्वाचे झाले होते. बँकेत लागलो तेव्हा मिळालेल्या खुर्चीत आधीच्या माणसाचा आकार उमटलेला होता. गेली वीस वर्षे मी त्या आकारात बसतो आहे.

अशा माणसाला जुनी वस्तू दिसली की हाताला खाज सुटते. हिला जरा टाका घातला तर? इथे एक बंद बदलला तर? ही खाज वाईट नाही. तिच्यापायी आमच्या घरातली एक छत्री तीन पंतप्रधान बघून वर चौथ्याची वाट बघते आहे. पण ही खाज मला एके दिवशी उणे आठ तापमानात, गोठलेल्या पाण्यावर, पायाला सुऱ्या बांधून उभे करील, असे एकाही ज्योतिष्याने सांगितले नव्हते. त्यांचे सगळे लक्ष शनीकडे असते. बर्फाकडे कोण बघतो!

त्याचे असे झाले. माझी धाकटी बहीण सुलभा टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागा नावाच्या शहरात राहते. आम्हा उभयतांची रजा साठली होती, तिची बोलावणी साठली होती, तेव्हा एका जानेवारीत आम्ही कॅनडाला जाऊन पोचलो. जानेवारीत कॅनडाला कोणी जात नाही, म्हणून तिकीट स्वस्त होते. घराण्याची परंपरा, दुसरे काय!

सुलूचे यजमान श्रीधरराव विमा कंपनीत आहेत. माणूस सज्जन; पण विम्यात पंचवीस वर्षे काढल्यामुळे त्यांना जगात वस्तू दिसत नाहीत, फक्त त्यांपासून होणारे अपघात दिसतात. जिना म्हटला की त्यांना पडणे दिसते, शेगडी म्हटली की भाजणे. त्यांचा मुलगा ओंकार, वय वर्षे पंधरा. उंचीला माझ्याएवढा, फक्त माझी उंची थोडी आडवीही आहे. पोरगा मराठी बोलतो, पण ती बोलताना प्रत्येक शब्दाची परवानगी घेतल्यासारखा थांबतो. आम्ही गेलो त्याच आठवड्यात त्याने घरात बॉम्ब टाकला.

"मला गोली व्हायचंय."

आइस हॉकी हा कॅनडाचा खेळ आहे असे म्हणणे म्हणजे वरण-भात हा मराठी माणसाचा छंद आहे असे म्हणण्यासारखे आहे. एका बाजूला सहा माणसे. त्यांतला एक गोली, म्हणजे गोलरक्षक. चेंडूच्या जागी 'पक' नावाची कडक रबराची चकती असते, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. तिचे वजन साडेपाच ते सहा औंस. क्रिकेटच्या चेंडूचे वजनही साडेपाच औंसांपासूनच सुरू होते, हे मी श्रीधररावांना समजुतीच्या सुरात सांगितले. ते म्हणाले, "दादा, चेंडू गोल असतो. याला कडा आहे." विम्याच्या माणसाला कडा लगेच दिसते. गोलाचे तोंड सहा फूट रुंद, चार फूट उंच. आमच्या जुन्या चाळीतली गॅलरीकडची खिडकी साधारण एवढीच होती आणि समोरच्या गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपासून ती वाचवणे कोणालाही कधी जमले नव्हते.

ओंकार त्यांच्या वस्तीतल्या मुलांच्या संघात दोन वर्षे होता, पण बराचसा बाकावर. त्यांचा गोली वडिलांच्या बदलीमुळे कॅलगरीला गेला. प्रशिक्षकाने विचारले, "कोण उभा राहतो?" सगळ्यांनी आपापल्या बुटांच्या नाड्या तपासायला सुरुवात केली आणि आमच्या चिरंजीवांनी हात वर केला. दहा दिवसांत स्वतःचे सामान घेऊन या, असे ठरले. श्रीधररावांनी दुकानात फोन केला. गोलीचा नवा संच काही हजार डॉलरांच्या घरात जातो असे कळल्यावर त्यांना पैशाचा धक्का बसला आणि अपघाताची भीती होतीच, त्यामुळे त्यांनी एकाच वेळी दोन्ही कलमांखाली दावा फेटाळला.

"सगळं जग समोरून येणारी वस्तू चुकवतं," ते जेवताना म्हणाले, "आणि याला तिच्यासमोर जायचंय!"

ओंकार काही बोलला नाही. पानात आमटी होती ती भातावर न घेता तशीच ठेवून उठला. बाप-लेकांत तसेही फारसे बोलणे नव्हते. भांडण नव्हते, पण खाते चालू असून व्यवहार होत नसला की आम्ही त्याला 'निष्क्रिय' म्हणतो, तसे काहीसे.

रात्री मी त्याच्या खोलीत गेलो. म्हटले, "अरे, गोल मारायचे सोडून हे अडवायचं काय डोक्यात घेतलंस?"

तो बराच वेळ शब्द शोधत राहिला. मग म्हणाला, "मामा, बाकीच्यांना दर पंचेचाळीस सेकंदांनी बदलतात. बाकावर बसवतात. गोलीला बदलत नाहीत. तो पूर्ण वेळ तिथेच असतो."

हे खरे आहे. त्या खेळात पळून पळून माणसाची इतकी दमछाक होते, की पाऊण मिनिटाने एक तुकडी बाहेर येते आणि दुसरी आत जाते. एकटा गोली तेवढा काउंटर सोडत नाही. शेजारच्या खिडक्यांवरची मंडळी चहाला, फोनला, साहेबांकडे जात-येत असतात, पण कॅशिअर जागचा हलत नाही. मी त्या पोराकडे एकदम व्यवसायबंधू म्हणून बघू लागलो. म्हटले, "उद्या आपण जुनं सामान बघू."

"जुनं?" त्याने असे विचारले, की जणू त्याच्या आईकडून घराण्याचा हा वारसा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

जाहिरात बघून आम्ही एका गॅरेजपाशी गेलो. विकणारा सहा फुटांचा, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ होता. तीस वर्षे तो रात्रीच्या हौशी सामन्यांत गोली म्हणून उभा राहिला होता. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. गॅरेजच्या मध्यभागी त्याने ते सामान मांडले होते. दोन पायांचे दोन पॅड, एकेक उशीच्या गादीएवढा. छाती नि दंड झाकणारी एक ढाल. उजव्या हाताला ब्लॉकर, म्हणजे पाठीवर पाट बांधलेला हातमोजा. डाव्या हाताला झेल घ्यायचा मोठा मोजा. सगळ्याची किंमत तीनशे डॉलर.

घासाघीस हा विषय मी बँकेत नव्हे, मंडईत शिकलो आहे. टाक्यांकडे बोट दाखवले, बंद ओढून बघितले, दोनदा निघून जाण्याचा अभिनय केला. दोनशे चाळीसवर आलो. पण खरे सांगायचे, तर तो माणूस माझ्याकडे बघतच नव्हता. ओंकारने पॅडवर हात फिरवला, तसा तो उकिडवा बसून त्याला दाखवू लागला, की गुडघ्याचा बंद सैल ठेव, पोटरीचा त्याहून सैल, म्हणजे पॅड पायाभोवती फिरतो. बैल विकणारा शेतकरी नव्या मालकाला सांगतो ना, की हा डावीकडून जुंपा, उजवीकडून बुजतो, तसे. निघताना त्याने आपली काठीही पोराच्या हातात दिली. "हिचे पैसे?" मी विचारले. त्याने फक्त मान हलवली आणि गॅरेजचे दार खाली ओढले.

गाडीत सामान टाकले आणि काचा वर केल्या. पाचव्या मिनिटाला चारी काचा खाली आल्या. बाहेर उणे सहा होते, तरी कोणाची हरकत नव्हती. तीस वर्षांचा घाम हा काय पदार्थ असतो ते शब्दांत सांगणे अवघड आहे. सुके बोंबील दमट पोत्यात भरून ते पोते एखाद्या ओल्या घोंगडीत गुंडाळावे आणि वर चातुर्मास जाऊ द्यावा. घरी पोचल्यावर सुलूने दार उघडले आणि काही न बोलता परत लावले.

इथून पुढे कारभार आमच्या सौभाग्यवतींनी हातात घेतला. जुन्या गाद्या, रजया आणि नवरा यांची डागडुजी करण्याचा तिचा अनुभव दांडगा आहे. तिने छातीची ढाल बाथटबात कोमट पाण्यात बुडवली, धुण्याची पावडर टाकली, वर पांढऱ्या व्हिनेगरची अख्खी बाटली ओतली. पाणी आधी चहासारखे झाले, मग कॉफीसारखे. तीन पाणी बदलल्यावर ते पाण्यासारखे दिसू लागले. सुलू म्हणाली, "वहिनी, कपडे सुकवायच्या यंत्रात टाकू?" ओंकार ओरडला, "नाही! आतला फोम खराब होतो!" खरेच आहे, आतला फोम, डिंकाचे जोड आणि हातमोज्याचे कातडे, तिघांनाही कडक उष्णता सोसत नाही. मग दिवाणखान्यात दोरी बांधून, समोर टेबलफॅन लावून, तो ऐवज दोन दिवस वाळत ठेवला. बाहेर बर्फ पडतो आहे, आत पंखा चालू आहे आणि पंख्यासमोर मुंडके नसलेला एक पहिलवान हात पसरून डुलतो आहे. रात्री पाणी प्यायला उठलेल्या श्रीधररावांना तो दिसला तेव्हा त्यांनी अपघाताची आणखी एक जात शोधून काढली.

पायांचे पॅड मात्र बुडवायचे नसतात. ओल्या फडक्याने पुसायचे असतात. ते पुसताना मी ओंकारला विचारले, "हे मूळ कुठनं आले रे?" त्याला माहीत नव्हते. वाचनालयातून पुस्तक आणून मीच वाचले, आणि वाचता वाचता छाती भरून आली. हे पॅड मूळचे क्रिकेटचे! फेब्रुवारी १८९६ मध्ये विनिपेगचा गोली व्हाइटी मेरिट हा स्टॅन्ली कपच्या सामन्यात पांढरे क्रिकेट पॅड बांधून उभा राहिला आणि सामना जिंकून गेला. पुढे १९२४ साली हॅमिल्टन गावच्या एमिल केनेस्की नावाच्या, घोड्यांचे साज शिवणाऱ्या कारागिराने क्रिकेटच्या पॅडचे रुंद, कातडी पॅड केले. हे हॅमिल्टन मिसिसागापासून मोटारीने तासाभराच्या आत आहे. पूर्वी पॅडांत हरणाचे केस भरत. सामना चालू असताना ते पाणी पिऊन जड होत जात. म्हणजे तिसऱ्या भागापर्यंत गोलीला दोन ओले बकरे पायांना बांधून उड्या माराव्या लागत. आता आत फोम असतो आणि मोठ्यांच्या व्यावसायिक खेळात पॅडची रुंदी अकरा इंचांच्या वर जाऊ देत नाहीत. नाहीतर माणसे गोलाला भिंतच बांधून घरी गेली असती.

घोड्याचा साज शिवणाऱ्याने हे काम केले म्हटल्यावर माझा आत्मविश्वास वाढला. कारण दाभण हे माझे खास शस्त्र आहे. नोकरीत लागलो तेव्हा आमच्या शाखेत नाण्यांच्या पिशव्यांची तोंडे दाभणाने, सुतळीने शिवून वर लाखेचे सील मारीत. शिपाई रजेवर असला की ते माझ्याकडे येई. बी. कॉम.च्या पदवीचा असा थेट उपयोग मी दुसरा कुठला केल्याचे आठवत नाही. पॅडच्या आतल्या बाजूला, गुडघा टेकतो तिथे, शिवण उसवून फोम बाहेर डोकावत होता. हार्डवेअरच्या दुकानातून वाकडी सुई, मेण लावलेला नायलॉनचा दोरा आणि चांभाराच्या आरीसारखे एक अवजार आणले. अडीच तास मी आणि ओंकार समोरासमोर बसून शिवत होतो. तो एका बाजूने सुई घालायचा, मी दुसऱ्या बाजूने ओढायचो. हिने मधूनच येऊन टाके तपासले आणि म्हणाली, "अहो, गोधडीला घालता तसे नका घालू, दुहेरी घाला. पोरगं त्याच्यावर आपटणार आहे." दुहेरी घातले.

एक बंद तुटका होता, तो बदलला. पॅडचे टोक बुटाला नाडीने बांधायचे असते, ती नाडी नवी घातली. झेलाच्या मोज्याची जाळी सुटली होती, ती बुटांच्या नाडीनेच पुन्हा विणली आणि आत चेंडू घालून रात्रभर बांधून ठेवला, म्हणजे मोजा मिटायला शिकतो. पॅडवर पक आपटून उठलेले काळे डाग होते. मी ते घासायला घेतले, तर ओंकारने हात धरला. "मामा, ते राहू दे. ते त्यांनी अडवलेले आहेत." मी फडके खाली ठेवले.

राहिला मास्क. तो मात्र जुना घ्यायचा नाही, यावर त्या घरात प्रथमच एकमत झाले. मास्कच्या कवचाला बारीक तडा असला तरी तो कामातून गेला, आणि तडा काही रंगाखालून हाक मारीत नाही. शिवाय मुलांच्या खेळात सीएसएचा शिक्का लागतो. आपल्याकडे आयएसआय तसा. ही अक्कल या खेळाला उशिरा आली. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मॉन्ट्रियलच्या जाक प्लांट नावाच्या गोलीचे तोंड पक लागून फाटले. तोपर्यंत बहुतेक गोली उघड्या तोंडाने उभे राहत. प्लांटने टाके घालून घेतले आणि सांगितले, मास्क घालू देत असाल तर परत उतरतो. त्याच्या प्रशिक्षकाला मास्क पसंत नव्हता. पण बाकावर दुसरा गोलीही नव्हता. प्लांट मास्क घालून उतरला आणि मॉन्ट्रियल ३-१ ने जिंकले. वरिष्ठांकडून सुधारणा मंजूर करून घ्यायची असेल, तर बदली माणूस उपलब्ध नसतानाच मागावी, हे तत्त्व सगळ्या कचेऱ्यांना लागू आहे.

ओंकारच्या मुंजीला मला रजा मिळाली नव्हती. मामाचा आहेर राहून गेला होता. सात वर्षांचे थकलेले व्याज मुद्दलात धरून मी तो मास्क आणि गळ्याचा पट्टा घेतला. डॉलरचे रुपये किती होतात हा गुणाकार मी केला नाही. शपथेवर सांगतो, बँकेत लागल्यापासून न केलेला हा एकमेव गुणाकार.

श्रीधरराव सगळे बघत होते. नवव्या दिवशी म्हणाले, "ठीक आहे. पण आधी एखाद्या मोठ्या माणसाने हे घालून उभं राहावं. काही होत नाही असं दिसलं तर बघू."

घरात मोठी माणसे दोनच. त्यांतल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिले. 'मामा बनवणे' हा वाक्प्रचार ज्याने प्रथम केला, त्याचीही एखादी बहीण परदेशी असली पाहिजे.

आधीचे पाच दिवस मी पालिकेच्या रिंकवर सकाळी लहान मुलांची शिडीसारखी चौकट धरून घसरायला शिकत होतो, त्यामुळे उभे राहणे जमत होते. थांबणे मात्र भिंतीच्या सौजन्याने होत होते. हाताशी पुरावेही होते. २९ मार्च २०१८ रोजी शिकागो ब्लॅकहॉक्स या व्यावसायिक संघाचे दोन्ही गोली जायबंदी झाले, तेव्हा प्रेक्षागृहातून स्कॉट फॉस्टर या छत्तीस वर्षांच्या राखीव माणसाला खाली बोलावले. व्यवसाय काय? अकाउंटंट! त्याने चौदा मिनिटे उभे राहून सातच्या सात फटके अडवले. २२ फेब्रुवारी २०२० रोजी, इथेच टोरंटोत, डेव्हिड एअर्स या बेचाळीस वर्षांच्या हौशी गोलीला असेच बोलावले. पहिले दोन पक आत गेले, पुढचे आठ त्याने अडवले आणि त्याचा संघ जिंकला. म्हणजे वय आणि कॉमर्स या दोन्ही बाबतींत नियमांची आडकाठी नव्हती.

रात्री आठला घराजवळच्या बागेतल्या उघड्या रिंकवर आमची वरात निघाली. सामान अंगावर चढवायला अर्धा तास लागला. एक जण पुढून ढकलतो आहे, एक मागून बंद आवळतो आहे, सुलू म्हणते आहे, "दादा, श्वास घेता येतोय ना?" नवरदेवाला एवढी माणसे लागत नाहीत. सगळे घातल्यावर मला जगातले फक्त समोरचे दिसत होते, तेही पिंजऱ्याच्या चौकोनांतून. पण गंमत सांगतो, तो पिंजरा मला परका वाटला नाही. जाळीच्या आत मी, जाळीच्या बाहेर घाईत असलेले लोक. वीस वर्षे दुसरे काय केले?

ओंकारने पहिला पक मारला. हळूच. तो माझ्या डाव्या पॅडवर आला, धप् असा आवाज झाला, आणि पायाला काहीही कळले नाही. काहीही नाही! मी खाली वाकून बघितले. आमचे दुहेरी टाके जागच्या जागी होते. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो बढतीच्या पत्रानेही झाला नव्हता. अर्थात बढतीचे पत्र आलेले नाही, तेव्हा तुलना तेवढी पक्की नाही.

मग ओंकारने 'बटरफ्लाय' शिकवले. दोन्ही गुडघे जुळवून खाली बसायचे आणि पोटऱ्या दोन बाजूंना फाकवायच्या, म्हणजे पॅडांची आडवी भिंत होते. पंगतीत बसून वाढलेल्या माणसाला बसणे काय अवघड! मी बसलो. उत्तम बसलो. पुढचे सहा पक त्या बसण्यावरच अडले, कारण मला उठता येत नव्हते.

"लागतंय का?" बर्फाच्या कडेवरून श्रीधररावांनी विचारले. त्यांच्या एका हातात चहाचा थर्मास होता, दुसऱ्या हातात प्रथमोपचाराची पेटी.

"काही नाही लागत. तुम्हीच मारून बघा ना. विमा काढायच्या आधी तपासणी करता की नाही?"

ते साध्या बुटांवरच जपून आत आले. ओंकारच्या हातातली काठी घेतली. पहिला फटका हवेत गेला, दुसरा बर्फात. तिसरा लागला तो माझ्या छातीच्या ढालीवर. "सॉरी, दादा! लागलं?" "नाही." चौथा जरा जोरात. "लागलं?" "नाही." पाचवा आणखी जोरात. सहाव्याला त्यांनी विचारणे सोडून दिले. मेहुण्याला कायदेशीर मारण्याची, तेही तपासणीच्या नावाखाली, अशी संधी कोणता नवरा सोडील? त्यांनी गळपट्टा काढून ठेवला. कॉलेजात ते मध्यमगती गोलंदाज होते, हे त्या वेळी सुलूला आठवले.

वीसेक फटक्यांनंतर मला ओढून बाहेर काढले. ओंकारने सगळे सामान स्वतः बांधले. गुडघ्याचा बंद सैल, पोटरीचा त्याहून सैल. तो गोलापाशी गेला, काठीने दोन्ही खांब वाजवून बघितले आणि वाकून उभा राहिला. बाकावर बसणारे ते पोरगे एकदम रुंद झाले.

श्रीधररावांनी पहिला पक असा मारला, की जणू ते बाळाला चेंडू देत होते. ओंकारने तो काठीने परत केला. दुसराही तसाच.

"बाबा," तो मास्कमधून म्हणाला, "जोरात मारा. मी आहे."

श्रीधरराव क्षणभर थांबले. मग त्यांनी मारला. पक वर उठला, आमच्या विणलेल्या जाळीत टप्पकन शिरला आणि मोजा मिटला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. श्रीधरराव फक्त म्हणाले, "परत." आणि ते 'परत' रिंकचे दिवे जाईपर्यंत चालले. प्रथमोपचाराची पेटी बर्फाच्या कडेला तशीच पडली होती. सौ. मला म्हणाली, "अहो, थर्मासमधला चहा गार होतोय, सांगू का त्यांना?" म्हटले, "आपणच पिऊ." आणि आम्ही तिघांनी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक मिळून प्रशिक्षकाकडे गेले. परतताना श्रीधररावांनी गोलीचे जुने स्केट्सही घेऊन आले. त्यांचे पाते साध्या स्केट्सपेक्षा सपाट असते आणि त्यामुळे स्थिर उभे राहता येते, याचे त्यांनी मला पंधरा मिनिटे विवेचन केले.

आम्ही भारतात परतल्यावर आठवड्याने ओंकारचा फोन आला. पहिला सामना झाला होता. ७-३ ने हरले.

"सात?" मी म्हटले. म्हणजे मला आवाज जरा खालीच ठेवायचा होता.

"सात गेले, मामा. पण बावीस अडवले! एकोणतीसपैकी बावीस. बाबांनी लिहून ठेवलेत."

मग त्याने मला समजावले, की या खेळात गोलीचे खाते दोन्ही बाजूंनी लिहितात. किती आत गेले ते तर लिहितातच, पण किती अडवले तेही लिहितात आणि त्याचा हिशेब काढतात. त्याला 'सेव्ह पर्सेंटेज' म्हणतात. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. वीस वर्षांत पन्नास रुपये कमी भरले तो दिवस शाखेत सगळ्यांना तारखेसकट पाठ आहे. बरोबर भरलेल्या दिवसांची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.

दुसऱ्या दिवशी कॅश जुळल्यावर मी दिवसाच्या पत्रकाखाली एक ओळ वाढवली : 'आज आलेली गिऱ्हाइके १४३, बरोबर व्यवहार १४३.'

साहेबांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"सेव्ह पर्सेंटेज आहे, साहेब."

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. कुठल्या खात्यात धरावी याचा विचार केला. मग पत्रकावर सही केली आणि म्हणाले, "तूर्त सस्पेन्समध्ये टाका."